मालिका पाहिली, कॉमिक विसरलं? सुपरहिरोंचं श्रेय लिहिताना या चुका टाळा

सुपरहिरो मालिकांवर मराठीत परीक्षणं, व्हिडिओ, पोस्ट असं बरंच येत असतं. त्यात मार्व्हल कॉमिक्सचे प्रसिद्ध लेखक-संपादक स्टॅन ली यांच्याविषयी एक वाक्य हमखास सापडतं: 'हे पात्र स्टॅन ली यांचं.' कधी ते अर्धं खरं असतं, कधी साफ चूक. पात्राला एकच जनक असतो असं गृहीत धरलं की ही गफलत होतेच. पडद्यावर दिसणारं पात्र बहुधा थराथरानं घडलेलं असतं. नाव एकाचं, वेष दुसऱ्याचा, आणि ज्या कथेमुळे मालिका निघाली ती तिसऱ्याच जोडीची. म्हणून 'हे पात्र कुणाचं?' यापेक्षा 'यातलं काय कुणाचं?' हा प्रश्न आधी विचारा.

चूक: 'क्रिएटेड बाय' वाचून थांबणं

'वाँडाव्हिजन'मध्ये 'क्रिएटेड बाय' या शब्दांपुढे जॅक शेफर यांचं नाव येतं. ते मालिका रचल्याचं श्रेय आहे, वाँडा किंवा व्हिजनच्या निर्मितीचं नाही. वाँडा लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांची ('एक्स-मेन' अंक ४, १९६४). व्हिजन रॉय थॉमस आणि जॉन ब्युसेमा यांचा ('अ‍ॅव्हेंजर्स' ५७, १९६८). कॉमिक्सवाल्यांची नावं बहुतेक वेळा भागाच्या अगदी शेवटी, आभारांच्या यादीत बारीक अक्षरात सरकत जातात. स्ट्रीमिंग अ‍ॅप नेमकं तिथेच चित्र लहान करून पुढचा भाग सुरू करतं. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा, यादी शेवटपर्यंत चालू द्या आणि दृश्य थांबवून ती टिपून घ्या. मोबाइलवर अक्षरं वाचता येत नाहीत, त्यासाठी मोठा पडदाच हवा.

चूक: पात्राचा एकच गठ्ठा बांधणं

सर्वांत जास्त अन्याय इथे होतो, म्हणून दोन मालिका जरा उलगडून पाहू.

'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' (२०२१). सॅम विल्सन म्हणजे फाल्कन, ली आणि जीन कोलन यांचा ('कॅप्टन अमेरिका' ११७, सप्टेंबर १९६९). बकी बार्न्स म्हणजे विंटर सोल्जर, जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा, १९४१ चा. पण डोळ्यांपुरता मुखवटा (डोमिनो मास्क) घातलेला कॅप्टन अमेरिकाचा तो पोरगेला साथीदार मालिकेत कुठेच नाही. तिथे आहे तो धातूच्या हाताचा, स्मृती पुसलेला मारेकरी, आणि ती कल्पना एड ब्रूबेकर (लेखन) आणि स्टीव्ह एप्टिंग (चित्रं) यांची, २००५ मध्ये सुरू झालेल्या 'कॅप्टन अमेरिका'तली. मालिकेच्या नावातला निम्मा भाग त्यांचा आहे! मालिकेतला नवा कॅप्टन अमेरिका जॉन वॉकर हा मार्क ग्रुएनवाल्ड आणि पॉल नियरी यांचा, १९८६ चा. आणि ज्याच्या प्रसंगांनी प्रेक्षक सर्वांत जास्त हलले तो आयझाया ब्रॅडली रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांच्या २००३ च्या 'ट्रूथ: रेड, व्हाइट अँड ब्लॅक'मधून आला. एवढं सगळं 'मार्व्हल कॉमिक्सवर आधारित' या तीन शब्दांत कोंबलं, तर वाचकाच्या हाती कंपनीचं नाव तेवढं लागतं.

'हॉकआय'मध्ये (२०२१) थर आणखी बारीक आहेत. क्लिंट बार्टन म्हणजे मूळ हॉकआय, हा ली आणि डॉन हेक यांचा, १९६४ चा. त्याच्या जोडीची तरुण धनुर्धर केट बिशप ही अ‍ॅलन हाइनबर्ग आणि जिम चुंग यांची, 'यंग अ‍ॅव्हेंजर्स' १, २००५. क्लिंटला कमी ऐकू येणं आणि कानातलं यंत्र हा धागा ग्रुएनवाल्ड यांच्या १९८३ च्या चार अंकी 'हॉकआय'पर्यंत मागे जातो. माया लोपेझ डेव्हिड मॅक आणि जो क्वेसाडा यांची. पण पिझ्झा खाणारा कुत्रा, ट्रॅकसूट घालून 'ब्रो, ब्रो' करत फिरणारे गुंड, थकलेल्या हिरोचा तो मिश्कील सूर आणि सुरुवातीच्या शीर्षकांतली जांभळी, सपाट, पोस्टरसारखी चित्रशैली हे सगळं मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या २०१२ ते २०१५ या काळातल्या 'हॉकआय'चं आहे. तिथली मोजक्या रंगांची शिस्त मॅट हॉलिंग्जवर्थ यांची. म्हणजे मालिकेच्या 'लूक'विषयी लिहायचं तर रंग भरणाऱ्याचं नावही लागतंच.

अशी चिरफाड करायला सोपी पद्धत आहे. मालिका पाहताना एक तक्ता करा, रकाने पाच: भाग आणि मिनिट, काय दिसलं (पात्र, वेष, कथानक, संवाद, दृश्यशैली), ते कोणत्या अंकात प्रथम आलं, लेखक, चित्रकार. सहा भागांच्या मालिकेला पंधरा-वीस ओळी पुरतात. अंक शोधायला 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' वापरा. तिथे प्रत्येक कथेचे लेखक, पेन्सिल (मूळ रेखाटन), शाई (त्यावर गिरवणं), रंग आणि अक्षरलेखन वेगवेगळं नोंदलेलं असतं. चाहत्यांच्या विकीवरून थेट उतरवू नका. तिथून अंकाचा क्रमांक घ्या आणि नावं मूळ अंकाच्या श्रेयपानावर ताडून पाहा.

चूक: लेखकाचं नाव, चित्रकाराला फाटा

ही सवय बहुधा कादंबरीवरून लागते. कॉमिकमध्ये चित्रकार नुसती सजावट करत नाही. १९६० च्या दशकातल्या मार्व्हलमध्ये ली अनेकदा थोडक्यात कथाबीज सांगत. मग कर्बी किंवा स्टीव्ह डिटको यांच्यासारखे चित्रकार पानांची मांडणी करून प्रसंग रचत, आणि संवाद त्यानंतर भरले जात. त्या काळच्या पात्रासाठी एकट्या ली यांचं नाव लिहिणं म्हणजे निम्मी कथा रचणाऱ्याला वगळणं. कर्बी यांच्या वारसांचा पात्रांच्या हक्कांवरून मार्व्हलशी चाललेला वाद २०१४ मध्ये तडजोडीनं मिटला.

मुखपृष्ठाचा चकवाही इथलाच. 'जेसिका जोन्स' मालिका ज्यावरून आली त्या 'अलियास' या कॉमिकची मुखपृष्ठं डेव्हिड मॅक यांची, आतली चित्रं मायकल गेडोस यांची. जेसिका ब्रायन मायकल बेंडिस आणि गेडोस यांनी निर्माण केली. मुखपृष्ठ पाहून मॅक यांना पात्राचं जनकत्व देणारे लेख सापडतात. तीच गोष्ट संग्रहित आवृत्त्यांची: पुस्तकाच्या कण्यावर जागा कमी, म्हणून ठळक नाव एकाचंच छापलेलं असतं. आतलं पान उघडा.

चूक: पहिला अंक ज्याचा, पात्र त्याचं

कमला खान, म्हणजे 'मिस मार्व्हल', पहिल्यांदा दिसली २०१३ च्या 'कॅप्टन मार्व्हल' १४ मध्ये. तो अंक केली सू डिकॉनिक आणि स्कॉट हेपबर्न यांचा. पण कमला घडवली ती संपादक सना अमानत आणि स्टीफन वॅकर, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना आणि वेष रेखाटणारे जेमी मॅकेल्वी यांनी. इथे संपादकांची नावं गाळली तर मुळावरच घाव बसतो, कारण कल्पनेची सुरुवातच अमानत आणि वॅकर यांच्या बोलण्यातून झाली.

उलटा प्रवासही असतो. हार्ली क्विन कॉमिकमधून टीव्हीवर गेली नाही. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी तिला १९९२ च्या बॅटमन अ‍ॅनिमेटेड मालिकेत आणलं, कॉमिकमध्ये ती नंतर आली. 'अ‍ॅरो'मधला जॉन डिगल मालिकेसाठीच बनवला गेला. आडनाव मात्र कॉमिक लेखक अँडी डिगल यांच्यावरून घेतलेलं, म्हणून पात्र त्यांचंच असं समजू नका. शी-हल्क (ली आणि जॉन ब्युसेमा, १९८०) तर टीव्हीच्या धास्तीनं जन्मली. हल्कच्या मालिकेचे निर्माते आधीच स्त्री-हल्क आणून हक्क सांगतील, ही मार्व्हलची भीती होती.

चूक: कराराचे शब्द बदलणं, किंवा करार म्हणजेच इतिहास मानणं

पडद्यावरच्या काही ओळी वकिलांनी घासूनपुसून ठरवलेल्या असतात. बॅटमनचं श्रेय अनेक दशकं एकट्या बॉब केन यांना मिळालं. वेषाची ओळखीची रूपरेषा, ब्रूस वेन हे नाव आणि पहिली कथा देणारे बिल फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांचं नाव २०१५ मध्ये 'गॉथम'च्या दुसऱ्या सीझनपासून पडद्यावर येऊ लागलं, आणि तेही 'बॉब केन, बिल फिंगर यांच्यासह' अशा शब्दांत. पडद्यावरची ओळ उद्धृत करताना 'केन आणि फिंगर' करू नका, कारण या दोन रचनांमधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं आहे. स्वतःच्या वाक्यात मात्र फिंगर यांचं नाव आधी लिहायला कुणाची हरकत नसावी.

'सुपरगर्ल'मध्ये श्रेय सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्या पात्रांना आहे, सीगल कुटुंबाशी झालेल्या विशेष व्यवस्थेच्या उल्लेखासह. कारा झोर-एल, म्हणजे सुपरगर्ल, हिला १९५९ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' २५२ मध्ये आणलं ऑटो बाइंडर आणि अल प्लास्टिनो यांनी. दोन्ही लिहा: पडद्यावर काय आहे ते, आणि अंकात काय आहे ते. २०१९ च्या 'वॉचमेन'मध्ये फक्त सहनिर्माते म्हणून डेव्ह गिबन्स दिसतात, कारण मूळ कॉमिकचे लेखक अ‍ॅलन मूर रूपांतरांवर आपलं नाव लावू देत नाहीत. 'मालिकेनं मूर यांना डावललं' असं लिहिणं म्हणूनच चूक. मूळ कॉमिकविषयी बोलताना मूर आणि गिबन्स ही दोन्ही नावं द्या.

बारीकसारीक

अंकावरचा महिना विक्रीचा नसतो, तो सहसा दोन-तीन महिने पुढचा असतो. बॅटमन पहिल्यांदा दिसला त्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २७ वर मे १९३९ छापलंय, पण तो मार्चअखेरीस दुकानात आला होता. तारीख देताना 'मुखपृष्ठावर' की 'विक्रीला' ते सांगा.

'आधारित' हा शब्द श्रेयनामावलीत किंवा निर्मात्यांच्या बोलण्यात सापडला तरच वापरा. 'वाँडाव्हिजन'मधली उपनगरातली चौकोनी संसारकथा पाहून टॉम किंग आणि गाब्रिएल हर्नांडेझ वाल्टा यांची 'व्हिजन' मालिका आठवते. तेवढ्यावर 'उचललं' म्हणू नका, 'साम्य दिसतं' म्हणा आणि कोणत्या प्रसंगात ते दाखवा.

नावं देवनागरीत लिहिताना उच्चार तपासा आणि मूळ स्पेलिंग एकदा तरी द्या, नाहीतर वाचकाला शोधताच येणार नाही. कॉमिकची चौकट वापरलीत तर कापताना चित्रकाराची सही छाटली जाणार नाही हे पाहा, आणि चित्राखाली पेन्सिल, शाई, रंग ही तिन्ही नावं टाका.

आणि चूक छापून गेलीच, तर लेखात मजकूर बदलून तळाशी तारखेसह एक ओळ लिहा: आधी काय होतं, आता काय केलं. व्हिडिओत बोललेलं बदलता येत नाही. तिथे दुरुस्ती वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत टाका, कारण त्याखालचं 'आणखी' दाबल्याशिवाय दिसत नाही. तीच दुरुस्ती पिन केलेल्या कमेंटमध्येही ठेवा, मिनिटाच्या उल्लेखासह.