क्लच: सांभाळायचं ते मधलं बोटभर अंतर

गाडी शिकताना सगळे सांगतात, ‘क्लच हळू सोड.’ अर्धवटच सांगतात. पेडल तळापासून थोडं वर येईपर्यंत काहीच घडत नसतं, तेवढं पटकन सोडलं तरी चालतं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) टेकायला लागते तिथून पुढचं बोटभर अंतर मात्र जपायचं. गाडी धक्का खाते किंवा बंद पडते ती तिथेच.

आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. पेडलवर तळव्याचा पुढचा भाग ठेवा. सैल चप्पल घालून सराव नकोच.

मोकळं, सपाट मैदान शोधा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक काढा आणि एक्सलरेटरला पाय न लावता क्लच वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जड होतो, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा जरासा खाली येतो, बॉनेट हलकेच थरथरतं. तिथे पाय थांबवा. गाडी सरकू लागली तरी लगेच सोडू नका. एक-दोन सेकंद तसाच धरा, मग उरलेला क्लच सोडा. हे दहा-पंधरा वेळा केलं की ती जागा पायाला कळते. डिझेल गाडी अशी सहज निघते. छोट्या पेट्रोल गाडीला रस्त्यावर निघताना थोडी रेस लागते, साधारण १५०० आरपीएम. बंद पडायच्या भीतीने ३००० पर्यंत रेस देऊन क्लच धरून ठेवणं हे प्लेट जाळायचं काम आहे.

खरी परीक्षा चढावर. सुट्टीच्या दिवशी खंबाटकीसारख्या घाटात रांग लागली आणि मागची गाडी अगदी चिकटून असली की घाई होतेच. हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर, १५०० ते २००० रेस, मग क्लच सोडत त्या जागेवर आणा. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं आणि मागची बाजू दबते. हे दिसल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. आता बटण दाबून तो खाली करा, डावा पाय अजिबात न हलवता. गाडी पुढे निघाली की थोडी रेस वाढवून क्लच सोडा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: हँडब्रेकबरोबर क्लचही सुटतो आणि गाडी गचका देऊन बंद पडते. पडलीच तर आधी ब्रेक, मग क्लच, मग चावी.

चढावर थांबायचं असेल तेव्हा हाफ क्लचवर, म्हणजे पेडल त्या मधल्या जागेवर धरून, गाडी तोलू नका. फ्लायव्हील फिरत असतं, प्लेट जवळजवळ थांबलेली असते, आणि त्या घासण्याच्या उष्णतेने प्लेटचं अस्तर जळतं. जळका, आंबूस वास आला तर बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. रांगेत पुढे एक गाडी मावेल इतकी जागा होऊ द्या, मगच हला. हातभर सरकण्यात काही मिळत नाही.

दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला इतका नाजूकपणा लागत नाही. खालचा गिअर टाकताना मात्र क्लच सोडायच्या आधी एक्सलरेटर किंचित दाबा, म्हणजे इंजिनाचा वेग जुळतो आणि गाडी मान खाली घालत नाही. ब्रेक लावताना क्लच लांबूनच दाबू नका, वेग अगदी कमी झाला की दाबा. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढा, नाहीतर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) उगाच झिजतं. चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवयही तितकीच महागात पडते.

सगळं नीट करूनही गाडी निघताना कुडकुडत असेल तर प्लेटवर तेल आलेलं असू शकतं किंवा इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसवतात तो रबरी आधार) गेलेलं असतं. क्लच अगदी वर आल्यावरच पकडत असेल आणि गाडी केबलवाली असेल, तर आधी केबलची ढील तपासून घ्या. चौथ्या गिअरमध्ये चढावर एक्सलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट घसरतेय. अशी गाडी घेऊन घाटात जाऊ नका, आधी गॅरेज गाठा.