पालिकेला जाब विचारताना या चुका टाळा

नवा केलेला रस्ता पहिल्याच पावसात खचला किंवा उद्यानाच्या जागेवर एकाएकी पक्कं बांधकाम सुरू झालं, की कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता भडका उडतो. फोटो पडतात, पार्षदाच्या (म्हणजे नगरसेवकाच्या) नावानं बोटं मोडली जातात, कुणीतरी ‘181 ला टाका’ (म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या हेल्पलाइनला) म्हणतं आणि आठवड्याभरात विषय मागे पडतो. सुदामानगर घ्या, लोकमान्यनगर घ्या की रामबाग, इंदूरभर हेच. लोक मनापासून तक्रार करतात, हे मी रोज बघते. पण पालिकेच्या प्रत्येक निर्णयामागे एक कागद असतो आणि त्या कागदावर कुणाची तरी सही असते. ती सही कोणाची हे माहीत नसताना विचारलेला जाब कुणालाच लागू होत नाही, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

पुण्या-मुंबईचा सल्ला इथे जसाच्या तसा वापरणं

आपण मराठी घरांतली माणसं माहिती शोधतो ती मराठीत, आणि मराठीतलं जवळजवळ सगळं मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या महापालिकांना धरून लिहिलेलं असतं. तिथे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो आणि खर्चाच्या मोठ्या मंजुऱ्या स्थायी समितीतून होतात. इंदूरचा कारभार मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 प्रमाणे चालतो. इथे महापौराला मतदार थेट निवडतात. महापौर पार्षदांमधून आपली मेयर-इन-कौन्सिल नेमतो आणि तिच्या सदस्यांकडे जलकार्य, जनकार्य, आरोग्य, महसूल असे विभाग असतात. 85 वॉर्डांच्या पार्षदांची मिळून परिषद होते, तिचं कामकाज सभापती चालवतात. आयुक्त मात्र राज्य सरकारनं पाठवलेला अधिकारी असतो.

किती रकमेपर्यंतचं काम आयुक्त स्वतः मंजूर करू शकतात, कुठून पुढे ते मेयर-इन-कौन्सिलकडे जातं आणि कुठून पुढे परिषदेत, हे नियमांनी ठरलेलं आहे. तुम्ही पार्षदाला ‘हे काम का मंजूर केलंत’ म्हणून धारेवर धरलंत आणि ते आयुक्तांच्या अधिकारात मंजूर झालेलं निघालं, तर पार्षद हात झटकून मोकळा. उलटही होतं. परिषदेत स्वतः हात वर करून आलेला पार्षद वॉर्डात येऊन ‘हे सगळं अफसर लोकांनी केलं’ सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो.

कधीकधी काम पालिकेचं नसतंच. मास्टर प्लॅनचे कितीतरी रस्ते इंदूर विकास प्राधिकरण करतं, वीज पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीकडे आहे, सिटी बस एआयसीटीएसएल या वेगळ्या कंपनीकडे, मेट्रो तर केंद्र आणि राज्याच्या संयुक्त मेट्रो कंपनीची. स्मार्ट सिटीची कामंसुद्धा वेगळ्या कंपनीमार्फत झाली आहेत, त्यामुळे त्यांचे ठराव परिषदेच्या नाही, त्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत सापडतात. कामाच्या जागी लावलेला फलक आधी नीट वाचा. ‘निर्माण एजन्सी’ (काम करणारी संस्था) आणि ‘मद’ (पैसा कोणत्या निधीतून आला) या दोन ओळींत निम्मं उत्तर असतं.

तारीखही बघा. मागच्या परिषदेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि पुढची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2022 च्या आदेशानंतर, जुलै 2022 मध्ये झाली. मधल्या काळात प्रशासक होता. त्या काळातल्या कामाचा परिषदेचा ठराव मागितलात तर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल आणि ते खरंही असेल. तिथे प्रशासकांच्या मंजुरीची प्रत मागायची.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे वाया जातात, म्हणून हे जरा सविस्तर.

‘आमच्या गल्लीचा रस्ता अजून का केला नाही? याला जबाबदार कोण?’ असा अर्ज दिलात की लोक सूचना अधिकारी (माहिती देण्यासाठी नेमलेला अधिकारी) एका ओळीत उत्तर देतो: प्रश्नार्थक माहिती अधिनियमात येत नाही. आणि त्याचं चुकत नाही. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मध्ये कार्यालयाकडे जे नोंदलेलं आहे ते मिळतं, कुणाचं मत किंवा खुलासा मिळत नाही. पण ‘का’ चं उत्तर बहुतेक वेळा नोंदलेलं असतंच, ते नोटशीटमध्ये असतं. फाइलच्या त्या पानांवर उपअभियंत्यापासून वरपर्यंत प्रत्येकानं काय लिहिलं, कुणी शंका काढली, कुणी ‘मान्य’ लिहून सही केली, सगळं तारखेसकट दिसतं. तेव्हा प्रश्न न विचारता कागद मागा:

‘वॉर्ड क्र. … में … से … तक सीमेंट कांक्रीट रोड कार्य की संपूर्ण नोटशीट, प्रशासकीय स्वीकृति, कार्यादेश, माप पुस्तिका के संबंधित पृष्ठ, गुणवत्ता परीक्षण रिपोर्ट एवं अंतिम देयक की प्रमाणित प्रतियाँ।’

हे मुद्दाम हिंदीत दिलं आहे. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, आणि मराठी ही इंदूरची राजभाषा नाही. अर्ज स्वतःच्या नावानं करा. गणेश मंडळाच्या किंवा रहिवासी संघाच्या लेटरहेडवर केलेला अर्ज ‘हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही’ म्हणून परत येऊ शकतो.

तुमच्यावर थेट परिणाम करणारा निर्णय असेल, म्हणजे तुमच्या घरासमोरची पार्किंगची जागा गेली किंवा तुमचा नळजोड तोडला, तर कलम 4(1)(घ) चा आधार घ्या. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं सांगणं हे तिथे कार्यालयाचं कर्तव्यच ठरवलेलं आहे. ही तरतूद फारच कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं.

आणि नुसत्या प्रतींवर थांबू नका. कलम 2(ञ) प्रमाणे नागरिकाला कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. एप्रिल 2024 मध्ये आपल्याच शहरात ड्रेनेजच्या कामांच्या बोगस बिलांचं प्रकरण बाहेर आलं, एमजी रोड ठाण्यात गुन्हे नोंदले गेले. आरोप असा होता की जमिनीत काम झालंच नाही आणि कागदोपत्री मात्र फाइल पुरी होती. जमिनीखालच्या कामात हा धोका नेहमीच असतो. माप पुस्तिकेत लिहिलेली लांबी, पाइपाचा व्यास आणि चेंबरची संख्या घेऊन गल्लीत उभे राहा आणि चेंबर मोजा. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही.

रस्त्याच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते: ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत. निविदेत ठरलेल्या वर्षांत रस्ता उखडला तर तो ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. आपण मात्र ‘नवा रस्ता द्या’ म्हणून मागे लागतो. मग नवी निविदा निघते, जुन्या ठेकेदाराची सुरक्षा ठेव सुखरूप परत जाते आणि एकाच रस्त्यासाठी आपला कर दोनदा खर्च होतो. आधी ती मुदत संपलीय का ते विचारा.

मुदत आणि फी

अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलंच नाही तर लोक परत नवा अर्ज करतात, तसं करू नका. मुदत उलटल्यावर 30 दिवसांत पहिलं अपील करा. शिवाय उशिरा दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, तेव्हा प्रतींचे पैसे मागितले तर कलम 7(6) दाखवा. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला 50 आणि दुसऱ्याला 100 रुपये फी आहे. महाराष्ट्राचा नमुना उतरवून 20 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेलं अपील इथे चालत नाही. दुसरं अपील 90 दिवसांच्या आत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे. अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 पर्यंत दंड करण्याचा अधिकार फक्त आयोगाला आहे, पालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन त्या दंडाची भीती घालण्यात अर्थ नाही.

‘नोटीस दिली आहे’ यावर समाधान मानणं

30 मार्च 2023 ची रामनवमी इंदूरमधलं कुणी विसरू शकत नाही. बेलेश्वर महादेव मंदिरात विहिरीवरचा स्लॅब कोसळला आणि 36 जीव गेले. तिथल्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधी तक्रार केलेली होती, पालिकेनं नोटीसही बजावलेली होती. नोटीस बजावणं ही कारवाईची सुरुवात असते. तुमच्या तक्रारीवर ‘नोटीस जारी’ असं उत्तर आलं तर लगेच लेखी विचारा: नोटिशीचा क्रमांक काय, मुदत कधी संपते, मुदतीनंतर पाहणी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्यानं केली, पंचनामा कुठे आहे. व्यक्तीचं नाव घालू नका, पद घाला. साहेबांची बदली होते, फाइल तिथेच राहते.

हेल्पलाइनवर एका फोनला ‘हो’ म्हणणं

कचरागाडी, बंद पथदिवा, ड्रेनेजचं चोकअप यासाठी पालिकेचं इंदूर 311 अ‍ॅप चांगलं आहे. अशा रोजच्या कामासाठी थेट 181 गाठायची गरज नसते. काम खरंच अडलं की मग 181, म्हणजे सीएम हेल्पलाइन. तिथे तक्रार एल-1 पासून एल-4 पर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याकडून वरच्याकडे, चढते, आणि खालच्या अधिकाऱ्याला ती वर जायला नको असते. म्हणून फोन येतो: ‘अंकल, टीम भेज दी है, अभी क्लोज करवा दो, कल सुबह काम हो जाएगा.’ भिडेपोटी आपण हो म्हणतो. तक्रार आपल्या संमतीनं, ‘समाधानकारक’ शेऱ्यासह बंद होते आणि सकाळी कुणी येत नाही. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संमती देऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

एका तक्रारीत एकच मुद्दा ठेवा. पाणी, रस्ता आणि अतिक्रमण एकत्र लिहिलंत तर सगळ्यात सोपा मुद्दा सोडवून सगळी तक्रार निकाली निघते. प्रकरण न्यायालयात असेल तर हेल्पलाइन ते घेतच नाही. मंगळवारच्या जनसुनवाईला (अधिकारी समोरासमोर तक्रारी ऐकतात तिथे) जाणार असाल तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पार्षदाला तोंडी सांगणं, आणि रिकॉलची भाषा

आपल्याकडे पार्षद लग्नाला येतो, आरतीला येतो, ‘ताई, बघतो ना’ म्हणतो. ते आपुलकीचं असतं, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. परिषदेचं संमेलन, म्हणजे बैठक, दर दोन महिन्यांनी व्हायला हवं असा कायदा आहे आणि तिथे प्रश्नकाळ असतो. पार्षदानं वेळेत लेखी दिलेल्या प्रश्नाला प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते कामकाजात नोंदलं जातं आणि पुढे त्याला चिकटून राहता येतं. आठ हजार कोटींच्या घरातलं अंदाजपत्रक याच सभागृहात मंजूर होतं. सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, त्याआधी याच पालिकेत उपमहापौर होत्या. हे सभागृह किरकोळ नाही. आपणच त्याच्याकडे लक्ष देत नाही. बहुतेक ठराव आवाजी मतदानानं होतात, म्हणून विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवून घ्यायला आपल्या पार्षदाला सांगा.

राग अनावर झाला की ‘राइट टू रिकॉल’ची, म्हणजे निवडून आलेल्याला मुदतीआधी परत बोलावण्याच्या अधिकाराची, चर्चा निघते. मध्य प्रदेशात ही तरतूद आहे, 2001 मध्ये अनूपपूरच्या नगरपालिका अध्यक्षांना मतदारांनी परत बोलावलंही. पण महापौराच्या बाबतीत त्याची सुरुवात नागरिकांच्या सह्यांनी होत नाही. तीन चतुर्थांश पार्षदांनी प्रस्ताव द्यावा लागतो, म्हणजे इंदूरमध्ये 64 पार्षद, आणि तोही पहिली दोन वर्षं देता येत नाही. पार्षदाला परत बोलावण्याची सोयच नाही. तेव्हा घरोघरी फिरून सह्या गोळा करणारच असाल तर त्या पुढच्या संमेलनात विचारायच्या प्रश्नावर करा: एक पान, हिंदीत, कामाचं नाव, कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख, खाली वॉर्डातल्या मतदारांच्या सह्या. ते पान पार्षदाच्या हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही आणि तारीख घ्या, आणि तीच प्रत सभापतींच्या कार्यालयात आवक करा.