मासा मेला की आधी पाणी उपसू नका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी 25 वर्षं लेथवर काम केलं. जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, रिजेक्ट झाला की आमच्यात पहिला प्रश्न ठरलेला: कालपासून काय बदललं? टूल, माल, का हात? घरच्या फिशटँकमधला धडधाकट मासा अचानक मेला तर हाच प्रश्न विचारा. मला हे पाच मॉली गेल्यावर कळलं.

एका रविवारी टाकी चकाचक करायला घेतली. सगळं पाणी काढलं, खडे धुतले, फिल्टरचा काळा पडलेला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. बुधवारी सकाळी पहिली मॉली फिल्टरमागं अडकलेली सापडली. शनिवारपर्यंत पाच गेल्या. अंगावर डाग नाही, जखम नाही, पाणी काचेसारखं. धाकटी लेक टाकीकडं न बघता शाळेला गेली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तो स्पंजच टाकीचा जीव होता. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानानं सौम्य. ही जीवाणूंची वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. ती मी क्लोरीनच्या पाण्याखाली एका दुपारीत धुऊन टाकली होती. आणि एवढ्या अमोनियाला ना रंग असतो, ना वास. म्हणून ‘पाणी तर स्वच्छ आहे’ या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

मासा मेला की तो लगेच बाहेर काढा, पण पाण्याला हात लावायच्या आधी वही घ्या. मासा किती वाजता दिसला, आणि मागच्या तीन दिवसांत घरात काय काय झालं ते लिहा. पाणी बदललं, नवा मासा आला, लाइट गेली, रंगकाम झालं, पाहुण्यांच्या पोरानं डबाभर खाद्य टाकलं, सगळं. मासा नुकताच गेला असेल तर काडीनं कल्ल्याचं झाकण हळूच उचलून बघा. आत लालभडक दिसायला हवं. चॉकलेटी दिसलं तर नायट्राइटचा संशय घ्या, त्यानं रक्त तपकिरी होतं. फार वेळ पडून राहिलेल्या माशाचे कल्ले मात्र फिके पडतात, त्यावरून काही ठरवू नका.

वेळेवरून बरंच कळतं. पाणी बदलल्यावर काही तासांत मासे तडफडले तर क्लोरीन नाहीतर तापमान. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते तसंच ओतलं तर मासा कसा तगेल? पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि दिवसा ठीक दिसत असतील, तर ऑक्सिजन कमी पडतोय. रात्री टाकीतली झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यामुळं पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. एकदा पाचला उठून बघाच. रोज एकेक करत जात असतील तर अमोनिया.

सगळे एकदम गेले तर खोलीतली हवा आठवा. आमच्या गल्लीतल्या एका पोराचे एंजल मासे असेच एका रात्रीत गेले. पाण्यात काही सापडेना. शेवटी बघितलं तर एअर पंप कपाटाखाली आणि त्याच्या शेजारीच आजोबांची डासांची कॉइल. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि कॉइलमधलं औषध माशांना फार घातक.

पावसाळ्यात पंचगंगेला गढूळ पाणी आलं की आमच्या नळाला ब्लीचिंगचा वास येतो. तेव्हा पाणी बादलीत 24 तास ठेवायचं आणि अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारायचं औषध, तेही घालायचं. पाइपलाइन फुटली, टँकर आला, बोअरचं पाणी भरलं, तर क्लोरीन नसला तरी क्षार वेगळे असतात. एका वेळी थोडंच घाला.

एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. राजारामपुरीतल्या माझ्या मित्रानं दोन वर्षं पाणी बदललं नव्हतं, आटेल तेवढं वरून घालायचा. मासे खुशाल. मग एकदा मनावर घेऊन निम्मं पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत मासे गेले. जुन्या पाण्याचा पीएच (पाणी किती आंबट-खारट ते सांगणारा आकडा) हळूहळू उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतं, आणि त्यात अमोनिया फारसा न बाधणाऱ्या रूपात पडून राहतो. ताज्या पाण्यानं पीएच चढला की तोच पुन्हा विषारी होतो. म्हणून अशा टाकीत रोज दहावा हिस्साच बदला.

आता उपाय. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजायचं किट घ्या, नव्या माशापेक्षा आधी. पट्ट्या घेतल्या तर त्यात अमोनिया आहे का बघून घ्या, बऱ्याच पट्ट्यांत नसतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत. नसतील, आणि पीएच फार उतरलेला नसेल, तर टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-थंड असलेलं क्लोरीनमुक्त पाणी घेऊन चौथा हिस्सा बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. दोन दिवस खाद्य बंद, मोठ्या माशाला काही होत नाही. एअर पंप रात्रंदिवस चालू. दुकानात मिळणारं निळं औषध (मिथिलीन ब्लू) अंदाजानं ओतू नका, त्यानं उरलेले जीवाणूही मरतात. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळा, काळाच राहू दे. लाइट चार-सहा तास गेली असेल तर फिल्टर चालू करण्याआधी त्यातलं कुबट पाणी ओतून टाका.

सलग आठवडाभर दोन्ही आकडे शून्य आले की मगच नवे मासे, तेही दोनच. पिशवी 20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, त्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं घाला, मग जाळीनं मासे सोडा. दुकानाचं पाणी मोरीत.