जुन्या पद्मिनीचा कार्बोरेटर बांधताना : हरवलेल्या बारीक भागांचे काय करावे

कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी तिचा सोलेक्स बनावटीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पुरवणारा भाग, घरच्या घरी पुन्हा उभा करता येतो. अडचण येते ती बहुधा एखादा वायसर किंवा ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी सापडत नाही म्हणून.

बॅटरीची वायर काढून, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर काम सुरू करावे. कार्बोरेटर पांढऱ्या कापडाने झाकलेल्या परातीतच खोलावा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा. मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते लिहून ठेवावे, म्हणजे परत बसवताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर घेता येतात. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार कधीही घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि भोक जरासे वाढले तरी इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो.

काही खाली पडलेच, तर स्प्रिंग आणि पोलादी गोळी शोधायला जमिनीवरून लोहचुंबक फिरवावा. पितळी जेट त्याला चिकटत नाही, त्यासाठी कोरड्या झाडूने केर एकत्र करून चाळावा.

तरीही न सापडलेल्या भागांपैकी काही घरी करता येतात. पॅकिंग हे त्यांतले सर्वांत सोपे : झाकणाच्या कडेला तेलाचे बोट फिरवून ते पॅकिंगच्या कागदावर दाबावे आणि उमटलेल्या ठशावरून कापावे. नीडल व्हॉल्व्हखालच्या (आत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या झडपेखालच्या) वायसरला मात्र 'कुठलाही चालेल' असे म्हणू नये, कारण त्याच्या जाडीवर फ्लोट चेंबरमधील, म्हणजे कार्बोरेटरच्या तरंगत्या फ्लोटच्या कप्प्यातील, पेट्रोलची पातळी ठरते. जुना मिळाला नाही, तर मूळ जाडीचाच आणावा. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे 120 हा 1.20 मिलिमीटरचा जेट होय. हरवल्यास त्याच क्रमांकाचा घ्यावा, जवळपासचा घेऊन ड्रिलने मोठा करू नये.

सर्वांत फसवी असते ती ॲक्सिलरेटर पंपाची, म्हणजे पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पंपाची, गोळी. ती नसली तरी गाडी चालू होते, पण पेडल दाबताच पेट्रोल उलटे चेंबरमध्ये जाते आणि गाडी क्षणभर अडखळते. एकदा दोन दिवस मी प्लग आणि पॉइंट तपासत बसलो होतो. दोष गोळीचाच निघाला. रिपेअर किटमध्ये पॅकिंग, डायफ्राम (पंपाचा रबरी पडदा) आणि नीडल व्हॉल्व्ह असतात, पण गोळी असेलच असे नाही. त्यामुळे भंगारातला जुना सोलेक्स मिळाला, तर तो अवश्य घेऊन ठेवावा. डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा निवडावा, कारण आताच्या पेट्रोलमध्ये ते मिसळलेले असते.

जोडणी झाल्यावर चेंबर भरून, इंजिन बंद ठेवून, थ्रॉटल हाताने ओढावा. पंपाच्या नळीच्या टोकातून त्याच क्षणी पेट्रोलची सलग, बारीक धार आली पाहिजे; नुसते थेंब गळत असतील, तर पंप पुन्हा खोलावा.