कुणाला उत्प्रेरक म्हणायचं?

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात एका पाहुण्यानं मला 'गावाच्या प्रगतीचा उत्प्रेरक' म्हटलं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून माझे दोन्ही गुडघे गेले. उत्प्रेरक झिजत नसतो हो!

हा शब्द वापरायच्या आधी एक करा. मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, 3 टक्क्यांचं. वाटीत कच्च्या आलूची चकती ठेवा, वरून दोन चमचे ओता. चकतीभोवती पांढरा फेस चढतो, तो ऑक्सिजन. बंद बाटलीतही पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतच असतं, पण महिनोन्‌महिने लागतात. आलूतलं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) तेच काम झपाट्यानं करतं. जुनं फेकून नवं घाला, पुन्हा फेस. काम करूनही विकर संपत नाही, म्हणून ते उत्प्रेरक. उकडलेल्या आलूला मात्र येत नाही, उष्णतेनं विकर मोडलेलं असतं. अशा प्रकाराला बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं 1835 मध्ये 'कॅटॅलिसिस', म्हणजे उत्प्रेरण, हे नाव दिलं.

आता वाटीतून गावात या. आमच्याकडे दोघा भावांचं धुऱ्यावरून वाजलं होतं. मोजणी झाली, खुणा गाडल्या, मिटवायचं दोघांच्याही मनात, पण आधी बोलणार कोण? शेजारचे म्हातारबा एका सकाळी दोघांना बोरीखाली घेऊन बसले. चहा झाला. मग धाकट्याला एवढंच म्हणाले, "काऊन बा, माय असती तं काय म्हनली असती?" दुपारी दोघं मिळून तुरीच्या ओळी मोजत होते. म्हातारबांना ना वीतभर जमीन मिळाली ना त्यांचं काही गेलं. हा उत्प्रेरक. त्यांनी कमिशन घेतलं असतं तर दलाल म्हणा. आणि मिटवायचंच नसतं, तर बोरीखाली दहा चहा होऊनही काही झालं नसतं. जे होऊच शकत नाही, ते उत्प्रेरकही घडवत नाही.

हा शब्द स्तुतीचाही नाही. भांडण पेटवून नामानिराळा राहणाराही उत्प्रेरकच.

दह्याच्या विरजणाला पुष्कळ जण उत्प्रेरक म्हणतात, ते चूक. त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन वाढतात आणि दह्यातच राहतात. एका पोरीनं भजन धरलं आणि वर्षभरात सगळा वर्ग गाऊ लागला, तर ती खरी विरजण. पण तसं बोलू नका. आपल्याकडे विरजण पडलं की उत्साहच नासतो.

मग मला काय म्हणायला हवं होतं? घरी विचारलं. तूर निवडता निवडता बायको म्हणाली, "शेणखत म्हना. वावरात गेलं, मुरलं."