वजनाचं इंजेक्शन बंद करताय? या चुका टाळा

हल्ली माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांत एक गट झपाट्याने वाढतोय. मार्च 2025 मध्ये माउंजारो (त्यातलं औषध टिर्झेपटाइड) आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) आलं. लोकांनी इंजेक्शनं घेतली, वजन उतरलं, कपडे सैल झाले. मग कुणाला खर्च झेपेना, कुणाला मळमळ सोसेना, कुणाला वाटलं आता झालं की सगळं, आणि औषध थांबलं. आता काटा परत वर सरकतोय आणि प्रत्येक जण विचारतो, माझंच असं का झालं? तुमचं एकट्याचं झालेलं नाही. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश वजन परत आलं. त्यामुळे वजन परत वाढणार हे धरूनच चालायचं. मला राग येतो तो त्यावर आपल्या हाताने घातलेल्या भरीचा.

शेवटचं इंजेक्शन झाल्यावर तयारीला लागणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हे औषध एका दिवसात शरीराबाहेर जात नाही. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाचेक दिवस. म्हणजे शेवटच्या टोचणीनंतर पहिला महिनाभर औषधाचा थोडाफार अंमल असतोच. भूक कमी, वजन स्थिर. माणसाला वाटतं, जमलं आपल्याला! आणि तो निर्धास्त होतो.

ठाण्याचे एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढे. 96 किलोवरून 84 वर आले होते. श्रावणात इंजेक्शन बंद केलं आणि महिनाभर सगळ्यांना सांगत होते की मला आता भूकच लागत नाही. त्या काळातलं त्यांचं खाणं मी नंतर लिहून घेतलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी अर्धी पोळी आणि भाजी, रात्री चार घास वरणभात. औषध चालू असतानाही हेच खाणं होतं. व्यायाम शून्य. गणपतीत आरतीनंतर जमिनीवरून उठताना त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. घरच्यांना वाटलं, वजन कमी झाल्याचा थकवा असेल. तो थकवा नव्हता, मांड्यांचे स्नायू गेले होते.

त्याच सुमारास भूक परत आली, आणि आली ती दुप्पट होऊन. रात्री एकला उठून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चिवडा खायचे. बायको म्हणायची, "यांची जीभच सुटलीय." दिवाळीत 88, फेब्रुवारीत 92. मधल्या काळात काट्यावर पाय ठेवला नाही, कारण लाज वाटत होती. माझ्याकडे आले तेव्हा वजन सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चार किलो कमी होतं, तरी पट्टा मात्र 96 किलोला लागायचा त्याच भोकात लागत होता. उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरले, आणि परत चढली ती बहुतेक चरबीच.

म्हणून माझा आग्रह असा की औषध थांबवायचं ठरलं की त्याआधी दोन-तीन महिने तयारी सुरू करायची. भूक शांत असते तेव्हाच नवी सवय लावणं सोपं जातं. भूक खवळल्यावर काही शिकता येत नाही. डॉक्टरांशी बोलून डोस हळूहळू उतरवता येईल का तेही विचारा. काहींना कमी डोसवर औषध चालू ठेवणंच योग्य असतं, आणि त्यात कमीपणा नाही.

तयारी म्हणजे दोनच गोष्टी. पहिली प्रथिनं. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि डाळ वाटीच्या तळाशी. वजन उतरलेल्या माणसाला मी किलोमागे साधारण 1.2 ग्रॅम प्रथिनं सांगते, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 84 ग्रॅम. वरणाच्या एका वाटीत जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. तेव्हा मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठलं, दही, 100 ग्रॅम पनीर (साधारण 18 ग्रॅम), अंडी (एका अंड्यात सहा), मासे, चिकन असं रोज ठरवूनच खावं लागतं. जेवायला बसल्यावर आधी उसळ किंवा अंडं संपवायचं, मग पोळीला हात लावायचा, ही माझी लाडकी युक्ती. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

दुसरी ताकदीची कसरत. नुसतं चालणं चांगलं, पण पुरेसं नाही. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून तीन दिवस. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात लिराग्लुटाइडबरोबर (हे याच जातीचं जुनं औषध) ज्यांनी देखरेखीखाली व्यायाम केला, त्यांनी औषध थांबल्यावर वर्षभराने, नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त वजन टिकवलं होतं. औषध घेताना व्यायामाचा कंटाळा करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

परत आलेल्या भुकेला हावरटपणा म्हणणं

वजन उतरल्यावर शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, पोट भरल्याचं कळवणारे संदेश कमी पडतात, आणि शरीर पूर्वीपेक्षा कमी उष्मांकात भागवायला लागतं. मेलबर्नमधल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहाराने वजन कमी केलेल्यांमध्ये भुकेचे हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते. इंजेक्शन ही भूक झाकून ठेवतं. इंजेक्शन गेलं की ती उघडी पडते. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही, आणि घरातल्यांनी ताटावरून टोमणे मारणं तर ताबडतोब थांबवावं. टोमणे ऐकणारा माणूस चोरून खातो, आणि चोरून खाल्लेलं कधी मोजलं जात नाही.

उपाशी राहून भूक मारायला जाऊ नका. दुपारचं जेवण चुकवणारेच संध्याकाळी साडेपाचला स्टेशनबाहेर दोन वडापाव खातात. चार वाजता मूठभर फुटाणे आणि ताक घेतलं तर संध्याकाळ निभावते.

काट्याला घाबरणं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर, त्याच काट्यावर. माझ्याकडच्या लोकांचा आकडा आधीच ठरलेला असतो: औषध थांबवलं तेव्हाच्या वजनाच्या दोन किलो वर गेलो तर त्याच आठवड्यात मला फोन. सणाला खारट-गोड खाऊन किलोभर पाणी साचतं, त्याने घाबरायचं नाही. दोन किलो सावरता येतात. आठ किलो होईपर्यंत वाट पाहिली की माणूस हताश होऊन येतो, आणि हताश माणसाला मी काहीही सांगितलं तरी ते त्याच्या हातून निभत नाही. काट्याबरोबर कंबरेचं माप महिन्यातून एकदा घ्या, पोटावरच्या चरबीचं खरं चित्र तिथे दिसतं.

फ्रिजमधलं उरलेलं इंजेक्शनचं पेन परत टोचणं

याबाबत मी कडक आहे. काही आठवड्यांचा खंड पडला की शरीराची औषधाची सवय मोडते. एका बाईंनी तीन महिन्यांनंतर जुनाच मोठा डोस स्वतःच्या मनाने घेतला आणि दोन दिवस उलट्या होऊन सलाइन लावायची वेळ आली. पुन्हा सुरू करायचं तर बहुतेक वेळा अगदी खालच्या डोसपासूनच चढत जावं लागतं. सेमाग्लुटाइडचा सुरुवातीचा डोस 0.25 मिलिग्रॅम, टिर्झेपटाइडचा 2.5 मिलिग्रॅम. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मैत्रिणीचं पेन वाटून घेणं, ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठीशिवाय मागवणं, यातलं काहीही करू नका.

आणखी काही

काढे, चहा, 'चरबी जाळणाऱ्या' गोळ्या: पैसे वाया.

औषध थांबल्याच्या पहिल्याच आठवड्यात कीटो (पोळी-भात जवळपास बंद करणारा आहार) सुरू करणं: पंधरा दिवस निभतं, मग पोळीवर तुटून पडता.

नव्या मापाचे कपडे घेऊन जुने कपाटात 'असू देत' म्हणून ठेवणं: घट्ट होण्याची सूचना देणारा एकही कपडा अंगावर राहत नाही. मोठे कपडे देऊन टाका.

झोप पाच तास ठेवून भुकेवर ताबा मागणं: आधी झोप.

मधुमेह किंवा रक्तदाब असताना डॉक्टरांना न कळवता थांबवणं: हे औषध साखर आणि दाबही खाली ठेवत असतं. औषध गेलं की दोन्ही वर सरकतात, आणि वजन चढताना जसं दिसतं तसं ते दिसत नाही. थांबल्यावर घरच्या यंत्रावर दाब नियमित बघा, तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. आणि मूल हवं म्हणून सेमाग्लुटाइड थांबवणार असाल, तर गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधी किमान दोन महिने ते बंद झालेलं असायला हवं. त्या काळात वजन टिकवण्याचा हट्ट सोडा आणि पोटभर, प्रथिनांचं जेवा.