नदीकाठच्या जुन्या हॉटेलात उतरताय? चेस्की क्रुमलोव्हमध्ये या चुका टाळा

दक्षिण चेकियातलं चेस्की क्रुमलोव्ह व्ल्टावा नदीच्या घट्ट वळणात वसलं आहे. १९९२ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या शहरातली बरीचशी हॉटेलं गॉथिक किंवा रेनेसाँस काळातल्या घरांमध्ये चालतात. होर्नी रस्त्यावरचं एक मोठं हॉटेल तर सोळाव्या शतकातल्या जेझुइट पाठशाळेच्या इमारतीत आहे. अशा ठिकाणी इमारत आधीपासून होती आणि हॉटेल नंतर आलं. भिंत फोडून लिफ्ट बसवता येत नाही, दर्शनी भागावर एसीचा डबा टांगता येत नाही, कारण इमारतीला वारसा संरक्षण आहे. हे लक्षात न घेता नेहमीच्या हॉटेलसारखं बुकिंग केलं की पुढचे बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतात.

फक्त ‘डबल रूम, रिव्हर व्ह्यू’ एवढंच पाहून पैसे भरणे

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नव्या हॉटेलात एका प्रकारच्या वीस खोल्या सारख्याच असतात. इथे एकाच प्रकारातल्या दोन खोल्याही सारख्या नसतात. एकीला दोन मोठ्या खिडक्या, दुसरीला जाड भिंतीतला एकच झरोका. एकीचं छत उंच आणि रंगवलेल्या तुळयांचं, तर दुसरीत पलंगावरून उठताना डोकं तुळईला लागेल असा उतार. दर मात्र दोन्हींचा तोच असू शकतो.

म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट ईमेल करा आणि खोलीचा क्रमांक ठरवून मागा. त्या खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत हे विचारा. मजला विचारून भागत नाही, कारण मुख्य दारापासून जिन्यापर्यंतसुद्धा पायऱ्या असतात. खिडकी नदीकडे आहे, रस्त्याकडे की आतल्या चौकाकडे, तेही विचारा. पलंग अखंड आहे की दोन सुटे पलंग जोडलेले, आणि न्हाणीघरात टब आहे की शॉवरची वेगळी जागा, हे लेखी घ्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर टबची कड ओलांडणं हा जिन्याइतकाच अवघड प्रश्न ठरतो. जिना गोल असेल तर कठडा दोन्ही बाजूंना आहे का, हेही विचारून ठेवा.

चेक भाषेतल्या वर्णनात ‘पॉडक्रोव्ही’ हा शब्द दिसला तर ती खोली छपराखालची, म्हणजे माळ्यावरची. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये ती सुंदर वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर तापलेलं छप्पर रात्रीही उष्णता सोडत राहतं, त्यामुळे एसी नसेल तर झोप कठीण. त्याच इमारतीतल्या खालच्या मजल्यांवर जाड दगडी भिंतींमुळे गारवा टिकतो. उन्हाळ्यात दृश्य आणि झोप यातलं एक निवडायचं असेल तर खालचा मजला घ्यावा. दृश्यासाठी लाझेब्नित्स्की पूल दोन मिनिटांवर असतो.

नदीकडच्या खोलीबद्दल आणखी एक गोष्ट आधी कळायला हवी. गावाच्या हद्दीत व्ल्टावावर बंधारे आहेत. बंधाऱ्याजवळ पाण्याचा आवाज रात्रंदिवस चालू असतो. अनेकांना तो आवडतो, पण हलकी झोप असणाऱ्यांना नाही. उन्हाळ्यात बंधाऱ्यांच्या घसरणींतून राफ्ट आणि कनूचे तांडे जातात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आरडाओरडा असतो. त्यामुळे दुपारी वामकुक्षीचा बेत असेल तर आतल्या चौकाकडची खोली मागा. फक्त त्या चौकात रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराचा धूर सोडणारा पंखा नाही ना, हे विचारून घ्या.

चुकीच्या थांब्यावर उतरणे

प्रागहून येणाऱ्या बऱ्याच बस आन्द्येल मेट्रोजवळच्या ‘ना क्निझेत्सी’ स्थानकावरून सुटतात आणि साधारण तीन तास घेतात. क्रुमलोव्हमध्ये दोन थांबे कामाचे आहेत. हॉटेल किल्ल्याच्या पायथ्याशी, लाट्रान भागात असेल तर ‘श्पिचाक’ला उतरा. नदीच्या वळणाच्या आत, मुख्य चौकाच्या बाजूला असेल तर बस स्थानकावर उतरून होर्नी रस्त्याने खाली चालत या. उलटं केलं तर अख्खं जुनं शहर सामानासकट पार करावं लागतं. चेस्के बुद्येयोविचेमार्गे रेल्वेने आलात तर स्टेशन गावापासून साधारण दोन किलोमीटर वर टेकडीवर आहे. येताना उतार असतो, जाताना तीच चढण.

रस्ते गोल दगडांचे आहेत. मोठ्या बॅगेची छोटी चाकं दगडांच्या फटीत अडकतात आणि हिसका बसून धुराच निखळतो. तीस किलोच्या एका बॅगेपेक्षा पंधरा-पंधराच्या दोन बऱ्या, कारण शेवटी ती उचलून जिना चढायचा असतो.

गाडी भाड्याने घेतली असेल तर नकाशाच्या भरवशावर थेट हॉटेलच्या दारात जाऊ नका. जुनं शहर पादचारी भाग आहे. गाडी कडेच्या क्रमांक दिलेल्या वाहनतळांवर ठेवावी लागते. काही हॉटेलं सामान उतरवण्यापुरती प्रवेशाची सोय करतात किंवा वाहनतळावरून सामान नेतात. त्यासाठी गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी कळवावा लागतो. चेक महामार्गांसाठी लागणारं ई-व्हिन्येट, म्हणजे टोलचा ऑनलाइन पास, भाड्याच्या गाडीला आहे की नाही, हे गाडी घेतानाच तपासा.

खोली गार, उबट किंवा ओलसर लागते तेव्हा

*रेडिएटर तापत नाही.* नळासारख्या गोल मुठीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त ती जास्त तापेपर्यंत झडप उघडी राहते. ३ किंवा ४ वर ठेवून तासभर थांबा. मुठीवर पडदा किंवा ओला टॉवेल टाकू नका. आतला संवेदक त्या झाकलेल्या जागेचं तापमान मोजतो आणि खोली गार असतानाच झडप बंद करतो. खिडकी उघडी ठेवून हीटर चालवलं तर उलट होतं, मुठीला थंड हवा लागून रेडिएटर पूर्ण जोराने चालत राहतो. हे सगळं करूनही रेडिएटर थंडगारच असेल तर बॉयलर बंद असणार. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हे हमखास भेटतं. दिवस उबदार म्हणून हीटिंग बंद आणि पहाटे मात्र गारठा. रिसेप्शनकडून जादा रजई संध्याकाळीच मागून घ्या.

*कुबट वास येतो.* नदीलगतच्या तळमजल्यावर भिंती जमिनीतला ओलावा वर ओढतात. बरेच जण दिवसभर खिडकी तिरकी उघडी ठेवतात आणि उन्हाळ्यात वास आणखी वाढतो. कारण साधं आहे. दुपारची उबदार, दमट हवा आत येते आणि तिच्यातला ओलावा गार भिंतीवर पाणी होऊन साचतो. खिडकी पहाटे आणि रात्री पूर्ण उघडा, दहा मिनिटं हवा खेळू द्या आणि दुपारी बंद ठेवा. धुतलेले कपडे अशा खोलीत वाळत घालू नका. भिंतीला हात लावून ओल लागत असेल किंवा काळे ठिपके दिसत असतील, तर पहिल्याच तासात खोली बदलून मागा. दुसऱ्या दिवशी मागितली तर रिकामी खोली उरलेली नसते.

*खिडकीचं झडप एका कोपऱ्यावर लटकलं.* नव्या पद्धतीच्या खिडक्यांत मूठ खाली असताना खिडकी बंद, आडवी असताना दारासारखी उघडते आणि वर केली की वरून तिरकी होते. झडप उघडं असताना मूठ फिरवली की वरची बिजागरी सुटते आणि ते तुटल्यासारखं लोंबतं. तुटलेलं नसतं. बिजागरीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला दाबून धरा, मूठ आडवी करा, झडप लोटून बंद करा, मग मूठ खाली. मूठ फिरत नसेल तर जोर न लावता माणूस बोलवा. काच जड असते.

जाळ्या बहुतेक खिडक्यांना नसतात. दिवा लावून नदीकडची खिडकी उघडली की किडे आत येतात. आधी दिवा मालवायचा, मग खिडकी उघडायची.

न्हाणीघर आणि वीज

इथे टबच्या किंवा शॉवरच्या बाहेर जमिनीला सहसा मोरी नसते. जुन्या घरांत मजल्याखाली लाकडी तुळया असतात. बाहेर सांडलेलं पाणी फरशीच्या सांध्यातून खाली जातं आणि खालच्या खोलीच्या छतावर डाग उमटतो. नुकसानीचा खर्च मग बिलात येऊ शकतो. पडदा टबच्या आत सोडा, टॉवेल बाहेर अंथरा. बादली-मग्ग्याची आंघोळ टबात बसूनच. जेट स्प्रे नसतो, तेव्हा एक रिकामी बाटली जवळ ठेवा.

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. मोबाइलचे बारीक दोन पिनांचे चार्जर चालतात. जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, कारण चेक सॉकेट खोलगट असतं आणि त्यातून अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते. अडॅप्टर घरूनच न्या. इंडक्शन, राइस कुकर किंवा पाणी तापवायची कॉइल मात्र नेऊ नका. जुन्या इमारतीत अनेक खोल्यांचा भार एका सर्किटवर असू शकतो, ते तुटून सगळा मजला अंधारात जातो. शिवाय तुळयांच्या घरात आगीची भीती खरी असते. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला तर मध्यरात्री सगळी इमारत रस्त्यावर उभी राहते. खोलीत किटली नसेल तर रिसेप्शनला मागा.

रात्री उशिरा पोहोचणे

छोट्या पेन्झिऑनमध्ये, म्हणजे घरगुती अतिथिगृहात, रात्री रिसेप्शनवर कोणी नसतं. संध्याकाळनंतर पोहोचणार असाल तर दाराचा कोड किंवा किल्लीपेटीचा क्रमांक आधी मिळवा आणि तो फोनमध्येच नाही तर कागदावरही लिहून ठेवा. बाहेरचं दार आणि खोली यांच्या किल्ल्या वेगळ्या असू शकतात. रात्री जेवायला जाताना दोन्ही घ्या. रात्री १० ते सकाळी ६ ही कायद्याने शांततेची वेळ आहे. लाकडी जमिनीवर बॅग ओढल्याचा आवाज खालच्या खोलीत स्पष्ट जातो.

पासपोर्ट मागितला तर गोंधळू नका. परदेशी पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं हॉटेलवर बंधनकारक आहे. तपशील नोंदवून पासपोर्ट लगेच परत घ्या. बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं आणि मुलांसह सगळ्यांची नोंद हवी. बुकिंगचे हेच कागद शेंगेन व्हिसाच्या अर्जालाही लागतात.

बिलात मुक्कामाचा स्थानिक कर वेगळा दिसू शकतो. कायद्याने तो माणशी दररात्री ५० चेक क्राउनपर्यंत असतो आणि १८ वर्षांखालच्यांना माफ असतो. कार्ड मशीनने रुपये किंवा युरोत पैसे भरता का असं विचारलं तर चेक क्राउनच निवडा. बाकी पर्यायांत विनिमयाचा दर आपल्या तोट्याचा असतो.

शाकाहारी मंडळींनी मेनूत ‘बेझमासा यीद्ला’ हा भाग शोधावा, तिथे बिनमांसाचे पदार्थ असतात. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, सगळीकडे मिळतं. पण सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं आणि बटाट्याच्या ‘ब्राम्बोराक’मध्ये कधी डुकराची चरबी असते. प्रत्येक वेळी विचारावं.

नदीकडे दुर्लक्ष करणे

ऑगस्ट २००२ च्या पुरात व्ल्टावाने या गावाचा सखल भाग पाण्याखाली घेतला होता. असा पूर रोजचा नाही, पण सलग दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाला तर चेक हवामान व जलविज्ञान संस्थेच्या संकेतस्थळावर पाण्याची पातळी बघा. इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली सावध राहण्याची, दुसरी तयारीची, तिसरी धोक्याची. पहिल्या पायरीलाच नदीलगतच्या वाहनतळावरून गाडी हलवा आणि तळमजल्यावर असाल तर वरची खोली मागा. दुसऱ्या पायरीला हॉटेलचं म्हणणं काय आहे ते विचारून सामान बांधून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ११२.

एकच रात्र, आणि तीही चुकीची

दिवसभराच्या सहलींच्या बस साधारण सकाळी १० नंतर येतात आणि संध्याकाळपर्यंत परततात. जुन्या शहरात राहण्याचे जास्तीचे पैसे आपण देतो ते नेमके उरलेल्या वेळांसाठी. दुपारी ३ ला पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला निघणारे ते पैसे वाया घालवतात, कारण सकाळ बॅगा भरण्यात जाते. दोन रात्री ठेवा. जूनमध्ये ‘पाच पाकळ्यांचा गुलाब’ हा उत्सव असतो. त्या दिवसांत खोल्या महिनोन् महिने आधी भरतात आणि मुख्य चौकात रात्रीपर्यंत गर्दी असते. उत्सव बघायचा नसेल तर तारखा बदला. किल्ल्यातल्या दालनांच्या फेऱ्या सोमवारी सहसा बंद असतात आणि हिवाळ्यातही बऱ्याच थांबतात, म्हणून रविवार-सोमवारचा मुक्काम किल्ल्यासाठी येणाऱ्यांना जमत नाही.

निघायच्या दिवशी खोली १० किंवा ११ ला सोडावी लागते. सामान रिसेप्शनवर ठेवता येतं, पण ते बंद कधी होतं ते विचारून घ्या. प्रागची परतीची बस आसन राखूनच पकडा, रविवारी दुपारच्या जागा आधीच संपतात.